शालीटचा पाला

नारपोली, भिवंडी
१२ डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप हिरामणदादा यांस,

धाकट्या केसरीनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींचा दमा कसा आहे? नाशिकची थंडी त्यांना सोसते का? आमच्याकडे सारं ठीक. आईने तेवढं अन्न सोडलं आहे.

घाबरू नका, अगदीच सोडलेलं नाही. तिला एकच गोष्ट खावीशी वाटते आणि ती भिवंडीत कुणी पाहिलेली नाही. "शालीट," म्हणते. हिरवा, कुरकुरीत, कच्चाच खायचा पाला. लग्नानंतर ती ठाण्याला गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायची ना, तिथला. मी पालक आणला, चाकवत आणला, शेवटी कोबी आणला. "म्हातारी झालंय, आंधली न्हाय," म्हणाली. आमच्या कारखान्यातल्या मॅनेजरने (मॅट्रिक आहे) त्याचं खरं नाव लेट्यूस असल्याचं सांगितलं. मी मंडईत तसं मागितलं, तर भाजीवाला म्हणाला, "लेट हुआ तो कल आना."

मग ड्युटी बुडवून मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट गाठलं. तिथे पाला होता! मी कोबीच्या सवयीने एकेक गड्डा हातात तोलून सर्वांत जड तो शोधायला लागलो, तेव्हा दुकानदाराने विचारलं, की भाई, खाना है या किसी के सर पे मारना है? मग त्यानेच शिकवलं. देठाचा काप पांढरा हवा, पानांच्या कडा तपकिरी नकोत, हलकेच दाबलं की पान करकरलं पाहिजे. दोन गड्डे घेतले. येताना एसटीत ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली, म्हणून गड्डे समोरच्या इंजिनाच्या झाकणावर ठेवले (मला ती फळी वाटली). कशेळीचा पूल येईपर्यंत वरच्या पानांनी माना टाकल्या होत्या.

घरी पार्वती म्हणाली, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा. आमच्या घरात कापडाला काय तोटा! मी लूमवरचं कोरं कापड भिजवून एक गड्डा त्यात बांधला. कोऱ्या कापडाच्या सुताला कांजी असते, हे पंधरा वर्षं लूम चालवणारा मी विसरलो. सकाळी पानं एकमेकांना अशी चिकटली होती, की सोडवताना चिंध्या झाल्या. दुसरा गड्डा पार्वतीने आपल्या जुन्या पातळाच्या तुकड्यात ठेवला होता, तो शाबूत. पण आजारी सासूला कच्चा पाला कसा द्यायचा, म्हणून तिने त्यातला अर्धा लसणाच्या फोडणीत परतला. कढईभर पाला चमचाभर झाला. ती अजून माझ्याकडे संशयाने बघते. (मी तेव्हा आंघोळीला गेलो होतो, शपथ.)

उरलेली पानं धुऊन, मीठ-लिंबू लावून मी आईपुढे धरली. एक पान ती तीन दातांनी कितीतरी वेळ चावत राहिली. मी विचारलं, हाच ना? "ह्योच," म्हणाली. मग तोंडातलं हळूच काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "आता कसा रं गोड लागंल? तवा हिरामन पोटात व्हता."

एवढंच झालं. बाकी काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
केसरीनाथ

ता. क. दोन वर्षांपूर्वी खारबावच्या घरावरून मी आईच्या नावाने जे बोललो, त्यातला एकही शब्द आईचा नव्हता. सगळे माझेच होते. तिच्यावर राग धरू नका.

आणखी ता. क. डॉक्टर पंधरवडा म्हणतात. खरं तर मी तारच करायला गेलो होतो. तारबाबूने मजकूर विचारला. मी "या" म्हटलं. "इतकंच?" तो म्हणाला, आणि मी फॉर्मची घडीच घालत राहिलो. रांगेतली मागची माणसं तोंडाकडे बघायला लागली, तसा तार न करताच घरी आलो आणि हे एवढं लांबलचक लिहीत बसलो. आता वाचून बघतो, तर तो शब्द कुठेच घातलेला नाही.

या.