काना की मात्रा

७ जानेवारी, बुधवार

सुनेच्या रक्ताचा रिपोर्ट आला. ड जीवनसत्त्व फारच कमी. पाचवा महिना सरत आलाय. आठवड्यातून एक पुडी घ्यायची, दुधात घालून. मला रजा मिळाली नाही, म्हणून मुलगाच तिच्याबरोबर गेला होता. डॉक्टरीणबाईंनी जे काही सांगितलं ते त्यालाच, सून तेव्हा पडद्याआड कपडे सावरत होती. आल्या आल्या त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि सगळ्या बुधवारांना लाल गोल केले. म्हणाला, "वाराचं बघायला हवं म्हणाल्यात. पुन्हा पुन्हा बजावलंय."

इतका जबाबदार कधीपासून झाला कोण जाणे! बरं वाटलं.

११ जानेवारी, रविवार

विहीणबाईंचा फोन. "तुमच्याकडे ऊनसुद्धा मोजून मिळतं वाटतं."

मी म्हटलं, मोजायलाही मिळत नाही, तुमची लेक तळघरात काम करते. खोटं काय त्यात? मोठ्या दुकानांच्या इमारतीखाली तिची खोली. खिडकी नाही. समोर कॅमेऱ्यांचे पडदे. अंधारात जाते, अंधारात येते. ऊन तिला दिवसभर दिसतं — पडद्यावर. कोण कुठल्या सावलीत गाडी लावतो, हे तिला पाठ आहे.

विहीणबाई रडायला लागल्या. मला समजूत घालता येत नाही. फोन सुनेकडे दिला.

१४ जानेवारी, बुधवार

पुडी घेतली. पेला पालथा करून नवऱ्याला दाखवावा लागतो तिला. "शाळेत होते तेव्हा बाईसुद्धा इतक्या कडक नव्हत्या," म्हणते.

२० जानेवारी, मंगळवार

मी पुस्तकं बांधते त्या दुकानात वैद्यकीचं एक पुस्तक आलंय, हाताळून हाताळून शिवण उसवलेलं. मी वाचायला शिकले ती या फर्म्यांवरच. एक फर्मा म्हणजे सोळा पानं हातात, पुढचं-मागचं दुसरीच्या टेबलावर. त्यामुळे मला सगळं मधलंच येतं.

आज माझ्या वाट्याला वार आली. बाळाबरोबर पोटात वाढते ती. तिच्या मुळ्या आईच्या रक्तवाहिन्यांत शिरतात, त्यांना रुंद करतात, तेव्हा कुठे बाळाला पोटभर मिळतं. आईच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी असेल तर हे रुजणं कच्चं राहू शकतं, असा संशय आहे. संशयच लिहिलाय, खात्री नाही.

मी समजत होते, हाडांपुरतं असतं ते!

पुढे काय होतं ते पुढच्या फर्म्यात. तो शिवून झाला होता.

२८ जानेवारी, बुधवार

सुनेच्या पायांवर सूज. चप्पल चढेना, माझ्या सपाता घालून कामाला गेली. डोकंही दुखतं म्हणते. मुलाला म्हटलं, दाखवून आण. तर म्हणे, एकही वार चुकलेला नाही, काळजी कसली? पुड्या संपल्या की जायचंच आहे.

ह्यांचाच मुलगा. हेही गेले त्या दिवशी सकाळची गोळी वेळेवर घेऊन गेले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मीच काम बुडवून तिला नेलं. मुलगाही आला, कुरकुरत. रक्तदाब बघून डॉक्टरीणबाईंनी तिला घरी सोडलंच नाही. बाळ महिनाभरात वाढलंच नाही म्हणावं असं. वार लहान, खुरटलेली. रक्त पोचत नाही.

त्या मुलावर तापल्या. "पंधरा दिवसांनी वारेचं बघायला हवं, असं बजावलं होतं ना मी तुम्हाला?"

तो म्हणाला, "बघितलं की. पंधरा दिवसांनी कशाला, दर आठवड्याला. बुधवार. एकही चुकवला नाही."

त्यांना कळेचना. मला कळलं. रा की रे. काना की मात्रा. बायकांच्या तोंडी असणारा शब्द, त्याच्या कानावर कधी पडणार? बहीण नाही. मी तिथं असते तर पहिल्या फटक्यात ओळखलं असतं. पण असते तर, असते तर — किती वेळा म्हणायचं बाईनं आयुष्यात!

बाहेर बाकावर त्याला सांगितलं. "वार म्हणजे अशीही काही असते?" एवढंच विचारलं त्यानं. मग आत गेला आणि डॉक्टरीणबाईंना विचारून आला. वेळेवर आलो असतो तर? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. ड जीवनसत्त्व एवढंच कारण, असंही त्या म्हणायला तयार नाहीत.

नक्की नाही, हे ऐकून तो जास्तच खचला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुनेची खाट खिडकीशी आहे. दुपारी ऊन पोटावर आलं. तिनं पांघरूण बाजूला केलं. म्हणाली, "आई, बघा, घरपोच आलंय. आता खाऊ दे पोटभर."

बंद काचेतून आलेल्या उन्हाचा ड जीवनसत्त्वाला काही उपयोग नसतो. वाचलंय मी. मी तोंडावर बोलणारी बाई, सगळ्यांना ठाऊक आहे. आज पडदा आणखी सरकवला.

मुलगा दाराशी उभा होता. आत आला नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

रक्तदाब उतरत नाही. उद्या सकाळी बाळ काढणार. ठेवलं तर सून जाईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सही मुलानं केली. अक्षर ह्यांच्यासारखं आलं.

८ फेब्रुवारी, रविवार

मुलगी. श्वास घेतलाच नाही तिनं. वार मी मागून घेऊन बघितली — तळहातात मावेल एवढी, पांढऱ्या गाठींनी भरलेली.

सून गुंगीतच होती. "आई, रडली का?"

मी म्हटलं, "हो. खूप रडली."