नऊची पडताळणी

२ तारीख, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस. पन्नाशीला टेकल्यावर अशी जागा मिळाली, देवाचीच कृपा. खोली तळमजल्यावर, इतकी गार की स्वेटर घालूनच बसावं लागतं. चार सर्व्हर ओळीने उभे आहेत. कंपनीच्या सगळ्या कागदपत्रांची नक्कल ते रोज टेपवर उतरवतात. टेप चालवणारे ड्राइव्ह मात्र चौघांत मिळून चारच, समोरच्या कपाटात. चार बिऱ्हाडं आणि सामाईक नळ असावेत तसं. प्रत्येक सर्व्हरकडे ड्राइव्हची यादी असते. चारही याद्या तंतोतंत जुळाव्या लागतात, नाहीतर एकाच्या टेपवर दुसरा लिहून बसतो. रोज सकाळी नऊला आपोआप पडताळणी होते. नियम सोपा आहे: तिघं एक सांगतात आणि चौथा वेगळंच सांगतो, तर चौथ्याला दुरुस्त करायचं.

माझ्या आधीचे काका आजच निवृत्त झाले. किल्ल्या देताना माझं अक्षर पाहिलं आणि म्हणाले, मास्तर, तुमचं इथे बरं चालेल. झालं, जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळं ऑफिस मला मास्तर म्हणायला लागलं.

घरी लेकीला, चिमणीला, सगळं सांगितलं. दहा वर्षांची आहे, प्रश्न संपत नाहीत. एखादा ड्राइव्ह कुणाच्याच यादीत नसला तर काय होतं? म्हटलं, मग त्याला कुणी हाक मारत नाही. हिरवा दिवा लावून नुसता बसून राहतो. त्याला वाईट वाटत असेल, म्हणाली. मी आणि बायको पोट धरून हसलो.

३ तारीख, मंगळवार

पडताळणीत फरक निघाला. चौथ्या सर्व्हरच्या यादीत पाच ड्राइव्ह. कपाटामागे शिरून बॅटरी लावून मोजले, चारच आहेत. पाचव्याचा नंबरही बनावट, नुसते नऊच नऊ. साहेब म्हणाले, ते कित्येक वर्षं तसंच आहे. काका रोज बघायचे आणि चहाला जायचे. मला असलं बघवत नाही. आमचे गुरुजी एक आकडा चुकला तरी अख्खी पाटी पुसायला लावायचे. पाचवा काढून टाकला.

४ तारीख, बुधवार

फरक शून्य. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. ते इथे आल्यापासून शून्य कधी बघितलंच नव्हतं म्हणे.

मी रोज हात जोडताना घरच्यांना आठवतो: आई, धाकटा भाऊ, बायको, चिमणी. आज जरा जास्त वेळ बसलो. मन भरून आलं होतं.

५ तारीख, गुरुवार

पुन्हा शून्य. पण खाली एक नवी ओळ आली होती: शोध चालू आहे. साहेबांना दाखवली. म्हणाले, मास्तर, शून्य आलं ना, मग आणखी काय हवं?

दुपारी गावाहून भावाचा फोन आला. चिमणीवर त्याचा भारी जीव. तिच्यासाठी जुनी सायकल रंगवून ठेवली आहे. म्हटलं, सुट्टी लागली की चिमणीला घेऊन येतो. म्हणाला, पिंजऱ्यासकट आणणार का? थट्टेखोर आहे पहिल्यापासून. मी हसलो. सायकलचं विचारलं, तर म्हणाला, ती कुणासाठी रंगवली तेच आठवत नाही. तो हसत नव्हता.

६ तारीख, शुक्रवार

नऊनंतर आईला फोन केला. नात तुझी आठवण काढते, म्हटलं. आई हळूच म्हणाली, बाळा, तुम्हाला मूल नाही, यावरून मी कधी सुनेला बोलले का?

घरी आलो तर चिमणी अभ्यासाला बसलेली. झोपाळ्यावरून पडली होती तेव्हाचा डाव्या भुवईवरचा व्रण. सगळं जागच्या जागी. बायकोला काही सांगितलं नाही. काय सांगणार?

७ तारीख, शनिवार

सुट्टी. नऊला मी घरीच होतो. बायकोने चिमणीचा दुधाचा पेला उचलला, घड्याळात ठोके पडले, आणि तिने तो रिकामाच फडताळात ठेवला. चिमणी म्हणाली, आई, माझं दूध. बायकोने मला विचारलं, ही कुणाची हो, शेजारच्यांची का? फार मायेने बोलली तिच्याशी. तुझी आई वाट बघत असेल, म्हणाली. हाताला धरून बाहेर नेलं आणि कडी लावली.

मी धावत गेलो. चिमणी पायरीवर बसली होती. मी काय केलं, एवढंच विचारत होती.

भाऊ. आई. बायको. तिघं सारखी झाली. वेगळा फक्त —

संध्याकाळ. तिला घेऊन काकांकडे गेलो. एकटेच राहतात. सगळं ऐकत शांतपणे चहा करत होते. म्हणाले, पाचवा मीच घातला होता. पडताळणीला दुरुस्त करायला काहीतरी लागतं. यादीत मिळालं नाही की ती माणसांत करून घेते. आधी तिघांना पुसते, म्हणजे चौथा चुकीचा ठरतो. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? म्हणाले, सांगितलं असतं तर किल्ल्या घेतल्या असत्या का?

तुमचं काय गेलं, विचारलं. म्हणाले, कळलं तर ते गेलं कसलं? आत एक लहान पलंग आहे. दाराशी एक बाई येऊन बसते, एवढीशी होती तेव्हापासून येते. जुन्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय की ती माझी कुणीतरी आहे. असेलही. मला काही वाटत नाही, त्याला मी काय करू?

म्हणजे ही वहीसुद्धा —

८ तारीख, रविवार

८.१५. ऑफिसात. चिमणीला घेऊन आलो. पाचवा पुन्हा घातला. नऊच नऊ. पुसला गेला. पुन्हा घातला. पुसला गेला.

८.३०. पडताळणीची वेळच काढून टाकली. ती परत आली.

८.४०. मुख्य बटण बंद केलं. दिवे गेले. संगणकाचा पडदा चालूच —

८.५०. आई, भाऊ, बायको, चिमणी. देवा, चिमणी. तेवढी एक राहू दे. बाकी माझं काहीही —

८.५५. तिला शेजारी बसवलं आहे. डाव्या हातात तिचा हात, उजव्याने लिहितो. सोडणार नाही. ती म्हणते, बाबा, तुम्ही विसरलात तर मी सांगेन ना तुम्हाला.

८.५९. चिमणी माझी मुलगी. दहा वर्षांची. डाव्या भुवईवर व्रण. दुधावरची साय आधी खाते. चिमणी माझी मु

९.००. फरक शून्य.

दिवे का गेले कळत नाही. शेजारच्या खुर्चीत एक मुलगी बसली आहे. बाहेरच्यांना या खोलीत मनाई आहे, तिला कुणी सोडलं? माझा हात घट्ट धरून ठेवलाय. सोडवतो, तर सोडत नाही. रडत रडत सारखं एकच सांगते आहे, की मी तिचा —