गिरणी पाणी पीत न्हाय

३ फेब्रुवारी १९९४
फिरलं! चाक फिरलं!
लाईट सकाळपासून गुल, तरी गिरणी चालू. धाकटे दीर भीमाभावजी – त्यांनी भंगारातल्या लोखंडाचं चाक केलं, ओढ्यातून चारी काढून पाणी त्यावर सोडलं. पाणी चाकावरून पडतं नि परत ओढ्यातच जातं. हे असते तर म्हणाले असते, ‘सारजे, येड लागलंय तुला.’ आणि दाण्यांची पहिली पाटी स्वतःच ओतली असती.

७ फेब्रुवारी
तात्याबा आले, तणतणत. ओढ्याला खालच्या अंगाला त्यांची वांगी.
‘माझं पाणी चोरलंस!’
म्हटलं, ‘तात्याबा, गिरणी पाणी पीत न्हाय.’
‘पीत नसंल, अडवती तर!’
तालुक्याला अर्ज करतो म्हणाले. करा म्हटलं!

९ फेब्रुवारी
वकील म्हणतो, ओढ्याचं पाणी सरकारचं. वळवायचं तर परवानगी पाहिजे. म्हणजे ना माझं, ना तात्याबांचं! मीपण अर्ज ठोकला.

१५ फेब्रुवारी
तात्याबांच्या लीलाबाई मागच्या दारानं बाजरी घेऊन आल्या. ‘ह्यास्नी सांगू नगा.’ मऊसूत दळून दिलं.

१६ फेब्रुवारी
लीलाबाईंनी पीठ बारामतीहून आणलं म्हणून सांगितलेलं. भाकरी खाऊन तात्याबा म्हणाले म्हणं, ‘बारामतीची गिरणी झ्याक हाय!’ हसून पोट दुखलं.

२ मार्च
अर्जांवरून तालुक्याचे साहेब पाहणीला आले. मी चाकाच्या वरच्या अंगाला पाण्यात ओंजळभर झेंडू सोडला. खाली सगळा निघाला.
‘मोजून घ्या, तात्याबा.’
‘फुलं न्हाय, पाणी मोजा!’ तात्याबा पेटले. ‘साहेब, वर चला. मुळात पाणी येतंय किती, तेच बघा.’
गेले सगळे वर. साहेब परतले ते वहीत कायतरी लिहीतच. चहासुद्धा अर्धाच घेतला.

१९ मार्च
परवानगी मिळाली! अट एकच – घेतलेलं पाणी सगळं ओढ्यात सोडायचं. चाकाला हार घातला. तात्याबांकडं पेढे धाडले. परत आले नाहीत, म्हणजे खाल्ले!

२३ मार्च
ओढा कोरडा.
ते पाणी ओढ्याचं नव्हतंच – वरच्या पाटाची गळती होती. साहेबांनी कळवलं, पाटबंधाऱ्याच्या माणसांनी बुजवली.
दुपारी तात्याबा दारात. ‘सारजाबाई, आपुनच दाखवलं की गं त्यास्नी.’ खाली बसले. मी पाणी दिलं.
उद्या पहिल्या यष्टीनं दोघं बारामतीला. पाटाचं पाणी ओढ्याला सोडा म्हणून अर्ज – दोघांत एकच.
वर नाव कुणाचं, यावर आत्ताच जुंपली.