गच्चीवरचा सांधा

बाबा, कोपरच्या आपल्या गच्चीवर पुन्हा अँटेना उभी आहे. हॅम रेडिओचा परवाना यंदा मलाही मिळाला. उन्हाळ्यात खांब लावला, केबल जोडली आणि सांध्यावर काळी टेप गुंडाळली. तुम्ही शिकवलीत तशीच, वरून खाली, घट्ट ओढत. गणपतीच्या सुमारास मीटरचा काटा चढू लागला, म्हणजे लहर बाहेर न जाता केबलमधूनच परत येत होती. मी बोलायचे आणि पलीकडून कुणीच उत्तर द्यायचं नाही. आधी मनात आले ते खालच्या मजल्यावरचे काका. तुमच्याही मनात तेच यायचे. तुमचा आवाज त्यांच्या टीव्हीत घुसायचा, म्हणून दर गणपतीत, पाहुणे यायच्या आत, ते केबलला टाचणी टोचून ती बिघडवतात असं तुम्ही ठरवून टाकलं होतं. सोसायटीची ती सभा मला अजून दिसते. तुम्ही उठता, केबलचा तुकडा वर धरता, काकांकडे बोट दाखवता. त्यानंतर त्यांच्या घरचा प्रसाद आपल्याकडे आला नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी ते जिन्यातच उभे राहिले. गुन्हेगार आत येत नाही, असं मला वाटलं.

या वेळी मी गच्चीला कुलूप लावलं. दुसरी किल्ली कुणाकडे नाही ना, हे वॉचमनला पुन्हा पुन्हा विचारलं. काटा चढतच राहिला. शेवटी हॅम क्लबातल्या एक अनुभवी बाई बाळकुमहून आल्या. सांधा त्यांनी मलाच उघडायला लावला. आतली तांब्याची जाळी हिरवी पडली होती, बोटं ओली झाली. टेप खालून वर गुंडाळायची, कौलं चढवतात तशी, त्या म्हणाल्या. वरून खाली गुंडाळली की प्रत्येक वेढ्याच्या कडेतून पाणी आत जातं.

केबल बदलायच्या दिवशी खांब धरायला मी काकांना वर बोलावलं. पाणी शिरलं होतं, एवढंच सांगितलं. ते उघड्या सांध्याकडे बघत राहिले.

"अगं, तुझ्या बाबांना मी तेव्हाच म्हटलेलं, एकदा पाणी बघा. म्हणाले, पाणी जिना चढून येत नाही, माणूस येतो."

आम्ही दोघं हसलो.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. ते खांब धरून उभे होते तेवढा वेळ मी त्यांच्या हातांवरची नजर काढली नाही. टेप गुंडाळली ती ते खाली गेल्यावरच.