तिसरा नंबर

आरमोरी
१२ जुलै २०२५

चि. प्रफुल यास ताईचे अ. आ.

तू भामरागडला आहेस असं कळलं. फोन लागत नाई, म्हणून हे पत्र. तुझ्या आठ महिन्यांच्या भाच्याले, प्रणितले, गडचिरोलीच्या डॉक्टरबाईंकडं नेलं होतं. त्या म्हणाल्या, वजनात तिसऱ्या परसेंटाइलवर आहे, मागल्या खेपेस पंधराव्यावर होता. माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, एवढंच ऐकलं. पंधरावा होता तो तिसरा आला म्हणून त्यांनी पेढे वाटले, चौकात बॅनर लावला. वर प्रणितचा फोटो, खाली त्यांचा त्याहून मोठा. बाई तर भरती करा म्हणत होत्या. मामाजी म्हणते, तिसऱ्या नंबरच्या पोराले कोणी दवाखान्यात टाकते का? पण पोरगा दूध ओढत नाई रे. काय करू, लवकर कळव.

तुझी ताई,
हर्षा

भामरागड
१६ जुलै

ती. हर्षाताईस, सा. न. वि. वि.

मी पर्लकोटा नदीचा पूर पाहाले आलो नि इथीच अडकलो. तुझं पत्र कंडक्टरनं टोपीखाली ठेवून आणलं. त्या टोपीची गोष्ट मोठी आहे, पण राहू दे.

परसेंटाइल मले विचार. सीईटीत माझा बारावा आला तेव्हा मीही नाचलो होतो. मग सरांनी नाच थांबवला: शंभर पोरं उभी केली तर माझ्या मागं बारा, बाकी सारी पुढं. तेव्हापासून हिंडूनच राह्यलो. शर्यतीतला नंबर वरून मोजते, हा खालून. प्रणितपेक्षा हलकी पोरं शंभरात तीनच. नुसतं बारीक असणं गुन्हा नाई, मीही काडीच आहो. पण पंधराव्यावरून तिसऱ्यावर म्हंजे बाकीची वाढली, आपलं मागं पडलं. भरती काऊन म्हणतात, समजलं ना?

मामाजींले सांग, पोरगं आणखी घसरून पहिलं आलं तर बॅनरवरच्या फोटोले हार घालायची तयारी ठेवा. कडू लिहिलं, पण लिहिलं. परवानगी मागत बसू नको, सकाळच्या बसनं ने.

राग कर, पण माया आटू देऊ नको.

तुझा वांड भाऊ,
प्रफुल

गडचिरोली
९ ऑगस्ट

चि. प्रफुल यास अ. आ.

तुझं पत्र मामाजींसमोर मोठ्यानं वाचलं. हाराच्या ओळीवर त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, तुझा भाऊ वाया गेलेला आहे. मी म्हटलं, हो, पण बस सातची आहे. पिशवी त्यांनीच उचलली.

अजून दवाखान्यातच आहो. प्रणित आता दूध मागून मागून सारा वॉर्ड डोक्यावर घेते. काल वजन झालं, नववा परसेंटाइल. बाई म्हणाल्या, छान चाललंय. मामाजींचं समाधान नाई. सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले नि म्हणाले, बाई, नवव्यानं काय होते, आमच्या पोराले शेवटचा नंबर आणून द्या. वॉर्डातल्या बाया त्यांच्याकडं पाहातच राहिल्या.

पूर ओसरला की ये, आणि आमच्यावर जीव असाच लावून ठेव.

तुझी,
हर्षाताई