बुधवारचं बंद दार

३ मार्च

चि. धाकटीस,

दादाचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे घाईतले. वि. वि.

फोन केला नाही, कारण तुझ्या घरी तो कोण उचलेल याचा नेम नाही, आणि हे माझ्या लेकीच्या, किल्लीच्या, कानावर जायला नको. किल्ली सुट्टीला येऊन गेली. दुकानात तिच्या जुन्या स्टुलावर बसली, एकदोन गिऱ्हाइकांच्या किल्ल्या घासून दिल्या, हसली, खिदळली, सगळं झालं. पण धाकटे, कुठेतरी पाणी मुरतंय.

ही पोरगी शाळेत असताना गुणपत्रिका घेऊन रस्त्यावरूनच ओरडत यायची. आता कॉलेजच्या पहिल्या सत्राचा निकाल कधीच लागला असणार, पण विषय काढला की म्हणते, ठीक आहे बाबा, आणि पाणी प्यायला उठते. इतकं पाणी कुणी पितं का? व्हॉलीबॉलच्या संघात निवड झाली तेव्हा नवे बूट उशाशी घेऊन झोपली होती. तेच बूट आता पलंगाखाली टाकून गेली. बॅगेत पुस्तकं चारच विषयांची होती. विषय सहा असतात हे तिनेच मला सांगितलेलं. (मी बॅग उघडली नाही. चेन अर्धी उघडीच होती.)

मी काही विचारलं नाही. माझी रीत तुला ठाऊक आहे. कुलूप अडलं की मालक नाही नाही त्या कहाण्या सांगतो. मी त्याचं ऐकत नाही, कुलपाला कान लावतो. तूही तेच कर. तिचं कॉलेज तुझ्या दवाखान्याच्या मागेच आहे. जा, बघ, पण विचारू नकोस. विचारलं की माणूस सावध होतं. तिची आई असती तर तिने एका नजरेत ओळखलं असतं. मला हे सगळं असं करावं लागतं.

तुझा गुडघा कसा आहे? लोभ आहेच. डोळे मात्र उघडे ठेव.

तुझा दादा

ता. क. हे पत्र वाचून झालं की फाड. तिला तुझ्या खोलीत शिरायची सवय आहे.

१९ मार्च

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार, आणि सोबत एक तक्रार. वि. वि.

तुझं पत्र वाचायला मला दवाखान्यातलं भिंग लागलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत औषध घालते, आता माझ्याच डोळ्यांत घालायची वेळ आणलीस. तुझं अक्षर असं वाकडंतिकडं कधीपासून? दुकानाची पाटी तू स्वतः रंगवलीस, तेव्हा लोक छापील समजायचे.

असो. तुझ्यापायी मी या वयात पोलीस झाले. कॉलेजात गेले, जिन्याजवळ उभी राहिले. तिथल्या कारकुनाने विचारलं, कुणाला भेटायचंय? मला काही सुचेना, म्हटलं, इमारत बघतेय. तो जाईपर्यंत मी भिंतीकडे कौतुकाने बघत होते, दादा, आणि भिंतीला पोपडे आलेले!

आता जे पाहिलं ते सांगते, पण तू आधी बस. बुधवारी दुपारी आपली किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत गेली. आत एक दाढीवाला गृहस्थ. दार लागलं. चांगला वेळ गेला. बाहेर आली ती डोळे पुसत, आणि जिन्यावर थांबून तोंड धुतल्यासारखं हसू चेहऱ्यावर आणलं. मला वाटलं एखाद्या दिवशीचं असेल, म्हणून पुढच्या बुधवारी पुन्हा गेले. तीच खोली, तोच दाढीवाला, तेच बंद दार. इतर मुलं वर्गात असतात त्या वेळी ही ग्रंथालयात एकटीच. आणि मैदानावर संघाचा सराव चालू असला की ही लांबच्या वाटेने जाते.

मला भलतंसलतं मनात आणायचं नाही, पण येतंय. तुझ्याच रक्ताची मी. विचारायला जीभ नुसती शिवशिवतेय. तू नको म्हणालास म्हणून गप्प आहे.

गुडघा आहे तसाच. तुझ्या जिन्यांवरच्या कामगिऱ्यांनी तो सुधारेल असं वाटत नाही. तरीही तुझ्यावर माया करणारी,

धाकटी

५ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. दाढीवाला कोण, कुठला, त्याचं लग्न झालंय का, हे तू काहीच लिहिलं नाहीस. बंद दारं उघडण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याच पोरीच्या दाराबाहेर मी असा ताटकळत उभा! खेळ सुटला, निम्मी पुस्तकं गेली, वर्ग बुडतायत, डोळ्यांत पाणी. आणखी काय बघायचं राहिलंय?

माझं ठरलंय. बावीस तारखेला सकाळच्या गाडीने येतो आणि तिला सामानासकट घरी आणतो. शिक्षण पुरे झालं. दुकान आहे, स्टूल आहे, तिच्या हातात कसब आहे. तिला यातलं अवाक्षर सांगू नकोस, नाहीतर दाढीवाल्याला सुगावा लागेल.

अक्षराचं म्हणशील तर पेन बदललंय. उगाच नसते तर्क करू नकोस.

दादा

१० एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. वि. वि. फोनवर तू मध्येच ठेवून देतोस, म्हणून हे कुरियरने. खाली ठेवायचं नाही, शेवटपर्यंत वाचायचं.

मी तुझं ऐकलं नाही. मी विचारलं. परवा तिला जेवायला बोलावलं, ताट पुढे ठेवलं आणि सरळ म्हटलं, कोण गं तो दाढीवाला? तिचा घास हातातच राहिला. मग इतकी हसली, इतकी हसली, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

दादा, ती प्रोबेशनवर आहे. म्हणजे काढलेलं नाही, पण काढायच्या आधीची शेवटची पायरी. पहिल्या सत्राची सरासरी ठरलेल्या हद्दीच्या खाली गेली की कॉलेज तसं करतं. मग पुढच्या सत्रात विषय चारच घ्यायचे, ओझं कमी म्हणून. संघात खेळायचं नाही. आणि दर आठवड्याला नेमून दिलेल्या प्राध्यापकांना भेटून अभ्यासाचा हिशोब द्यायचा. तुझा दाढीवाला तो हा. निवृत्तीला आलेला आहे, नातवंडं आहेत, बोलून बोलून पोरीला रडवतो आणि तीच गणितं पुन्हा करायला लावतो. दार लावतो ते व्हरांड्यात गलका असतो म्हणून. आपण जे जे पाप म्हणून मोजलं, दादा, तो एकेक नियम होता.

या सत्रात सरासरी वर आली तर प्रोबेशन उठेल. नाही आली तर नाव कमी. परीक्षा बावीस तारखेला सुरू होते. गैरहजर राहिलं की त्या विषयाला शून्य. तू त्या सकाळी तिला सामानासकट उचलणार होतास!

आता पहिल्या सत्रात काय झालं ते. नोव्हेंबरात तुझ्या उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली (ते आता ठणठणीत आहे म्हणतोस), तेव्हा ती दुकान सांभाळायला आली होती ना? तेव्हा तिच्या परीक्षा चालू होत्या. दोन पेपर बुडाले. स्वतःच्या आजारपणाला सवलत मिळते, बापाच्या नाही. निदान आधी अर्ज करावा लागतो, तो पोरीला माहीत नव्हता. बाबांना का सांगितलं नाहीस म्हटलं, तर ताट उचलून उठली.

आता तू येऊ नकोस. तिला शांतपणे बसू दे. हात जोडते.

धाकटी

१४ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी वाटलं, पोरीने तुला घोळात घेतलं. मग स्टुलाकडे बघत बसलो. नोव्हेंबरात ती तिथे मांडीवर पुस्तक ठेवून वाचायची, गिऱ्हाईक आलं की खाली सरकवायची. कॉलेजात सध्या काही नाही म्हणाली. मी मान डोलावली. जगातल्या सगळ्यांचा मला संशय येतो, धाकटे, आणि त्या एका वाक्याचा आला नाही.

येत नाही. तू निश्चिंत राहा. बावीसच्या आठवड्यात दुकान जरा बंद ठेवीन म्हणतो, रंगाचं काम आहे.

तिला खाऊपिऊ घाल. मला फार वाईट वाटतंय.

दादा

२० मे

ती. बाबांस,

तुमच्या किल्लीचा साष्टांग नमस्कार, आणि आत्याचाही एक, ती शेजारी बसून डोकावतेय.

निकाल लागला. हद्दीच्या वर आले, फार नाही, पण वर. प्रोबेशन उठलं. सरांनी मान वर न करता सांगितलं की आता बुधवारी यायची गरज नाही, आणि मला वेड्यासारखं वाईटच वाटलं. पुढच्या सत्रात सहा विषय घेईन. पलंगाखालचे बूट पाठवून द्या.

बाबा, दुकानाला कोणता रंग दिलात? कारण पहिल्या पेपरापासून शेवटच्या पेपरापर्यंत तुम्ही परीक्षेच्या इमारतीसमोरच्या बाकावर होतात. रोज तेच वर्तमानपत्र. आधी मला धडकी भरली, वाटलं, न्यायला आले. मग वाटलं, पहारा. दुसऱ्या दिवशी पेपर लिहिताना खिडकीतून एकदा बघितलं, तुम्ही तिथेच होतात, आणि मला पुढचं गणित सुटलं. मी हाक मारली नाही. मी तुमचीच मुलगी, नुसतं बघत राहिले.

म्हणून हेही दिसलं, की चहाचा कप डाव्या हातात, वर्तमानपत्र डाव्या हातात, आणि उजवा हात त्या उकाड्यातही खिशात. सुट्टीत घरी आले होते तेव्हा शटर शेजारच्या न्हाव्याने वर केलं होतं. अवघड किल्ली आली की तुम्ही उद्या या म्हणत होतात, नाहीतर माझ्याकडे सरकवत होतात. आत्याने तुमची पत्रं फाडली नाहीत, मला दाखवली. ते अक्षर पेनामुळे नाही बिघडलं.

आत्याने विचारलं होतं ना, बाबांना का सांगितलं नाहीस? माझे पेपर तुमच्या हातापायी बुडाले हे कळलं असतं, तर तुम्ही त्या हाताबद्दल पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं. म्हणून नाही सांगितलं. पण तुम्ही तसंही तोंड उघडलं नाहीतच.

आपल्या घरात कुणी कुणाला विचारत नाही. आत्याने विचारलं आणि माझं वर्ष वाचलं. आता मी विचारते. बाबा, हात बरा झालेला नाही ना?

उत्तर तुमच्या हाताने लिहा. अक्षर कसंही येऊ दे, मी वाचेन.

तुमची,
किल्ली