मालकाची सही

४ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मध्येच आलं म्हणून दचकू नका, मी बरी आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की तुम्ही नुसतं हो हो करता. म्हणून नेहमीप्रमाणे लिहिते आहे.

काल पहाटे ह्यांची मोटारसायकल चोरायचा प्रयत्न झाला. नेता आली नाही. खालचे शिंपीकाका कामाच्या घाईमुळे लवकर दुकान उघडायला आले. त्यांनी शटर वर ढकललं तसे दोघं जण जिन्याखालून पळाले. मी खाली गेले तेव्हा गाडी आडवी पडली होती. हँडलचं लॉक तोडलं आहे. किल्ली घालायची जागा पेचकसाने उचकटून वायरी बाहेर ओढल्या आहेत. पडल्यामुळे टाकीला पोचा आला, पुढचा दिवा फुटला, हँडल वाकडं झालं. पेट्रोल सांडलं होतं. दिवसभर जिन्यात वास होता, हे टूरवरून आले की यायचा तसा.

हे जाऊन दहा महिने होतील. तेव्हापासून गाडी तिथेच उभी आहे. दर रविवारी मी ती पुसते आणि पाच मिनिटं चालू करून ठेवते. शिंपीकाका म्हणतात, वहिनी, चालवत नाही तर तापवता कशाला. मी काही बोलत नाही.

पोलीस चौकीत तक्रार दिली. गाडी कुणाच्या नावावर असं हवालदाराने विचारलं, मी ह्यांचं नाव सांगितलं, त्याने ते लिहून घेतलं. विमा आहे. डिसेंबरातच पुन्हा उतरवला आहे. कंपनीला कळवलं. त्यांचा सर्व्हेअर मंगळवारी, १२ तारखेला नुकसान बघायला येणार आहे. तोवर दुरुस्ती करायची नाही, म्हणून गाडी नुसती भिंतीला टेकवून ठेवली आहे.

एका गोष्टीची काळजी आहे, पण ती कागदावर आणायला अजून धीर होत नाही.

गुडघ्यांना जपा. माया आहे ती अशीच राहू द्यावी.

तुमची,
धाकटी

•

८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मेल्यांना दुसरी गाडी मिळाली नाही. आपला धाकटा असता तर त्याने त्या दोघांना चहा पाजून त्यांच्याकडूनच गाडी मेकॅनिककडे ढकलून नेली असती, आणि वर त्यांची चौकशीही केली असती. गावोगाव वजनकाटे दुरुस्त करत हिंडलेला माणूस, त्याला परका असा कोणी नव्हताच.

तू मात्र तशी नाहीस, म्हणून सांगते. त्या विम्याच्या माणसापुढे गप्प बसू नकोस. तू गप्प बसलीस की समोरच्याला वाटतं, हिला सगळं मान्य आहे. लॉक, दिवा, टाकी, हँडल, एकेक दाखव. तुझं आयुष्य कागदात गेलं, तुला कोण फसवणार. विमा उतरवला आहे तर हक्काने माग.

आणि ते काळजीचं काय? वाक्य अर्धवट सोडून मला टांगून ठेवायचं, ही कुठली रीत? कानाला यंत्र लावलं की शेजारणीचं भांडण मला शब्दन् शब्द ऐकू येतं. तुझ्या मनातलं ऐकायचं यंत्र अजून निघालेलं नाही. तेव्हा लिही.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
वन्सं

•

१३ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

आज सगळं लिहिते.

तुम्हाला माहीत आहे, हे कधी कुठे सही करत नसत. बँक, वीजबिल, घरभाडं, सगळे कागद मी भरायचे आणि त्यांची सहीही मीच करायचे. एकदा त्यांनी हौसेने स्वतः चेकवर सही केली तर बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवला. हे चार दिवस हसत होते.

डिसेंबरात विम्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म टपालाने माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आला, दरवर्षी येतो तसा. माझ्याकडे आवक-जावकचं टेबल आहे. आलेल्या टपालावर तारखेचे शिक्के मारता मारता मी फॉर्म भरला आणि ह्यांची सही केली. पेनाला टोपण लावताना लक्षात आलं. फाडता आला असता. पण सही इतकी नीट आली होती, वन्सं. मी तो जावक टपालात टाकला.

माणूस गेला की तीन महिन्यांत कंपनीला कळवायचं असतं, गाडी वारसाच्या नावावर करायची असते, हे मला माहीत होतं. त्या अर्जात मयताचं नाव अशी एक ओळ आहे. तो अर्ज मी दोनदा आणला आणि दोनदा खणात ठेवला.

काल सर्व्हेअर आला. बारीक, कमी बोलणारा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. उकिडवं बसून त्याने लॉकचे, वायरींचे फोटो काढले. नुकसान चोरीच्या प्रयत्नाचंच आहे, त्यात शंका नाही, असं म्हणाला. मला बरं वाटलं. मग त्याने सीटखालचा सर्व्हिसिंगचा कागद काढून मीटरशी ताडून पाहिला. दहा महिन्यांत गाडी फक्त बत्तीस किलोमीटर चालली आहे, असं का, असं विचारलं. मी म्हणाले, वापर कमी झाला आहे. मग तो वर घरात येऊन बसला आणि मालक कधी भेटतील ते विचारलं. मी म्हणाले, बाहेरगावी आहेत. बावीस वर्षं दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच उत्तर दिलं आहे, ते तोंडातून आपोआप आलं. कधी येतील असं त्याने विचारलं. मी पुढचा गुरुवार म्हणाले. का म्हणाले ते माहीत नाही.

तो २१ तारखेला, गुरुवारी परत येणार आहे. क्लेमचा फॉर्म ठेवून गेला आहे. मालक भेटले तर उत्तम, नाहीतर त्यांची सही घेऊन ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे, असं जाता जाता म्हणाला.

अजून एक सांगायचं राहिलं. तो वर येणार म्हणून मी आदल्या दिवशी ह्यांचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात कपड्यांखाली ठेवला. तो बोलत असताना मी सारखी त्या खिळ्याकडे बघत होते. त्यानेही एकदा बघितलं.

सही केली तर कदाचित कुणाला कळणार नाही. कळलं तर फसवणुकीचा गुन्हा होईल, आणि ज्या टेबलावर मी चोवीस वर्षं काम केलं ते जाईल. खरं सांगितलं तरी डिसेंबरातली सही माझीच आहे, तेव्हा त्यातूनही काय निघेल सांगता येत नाही. आणि खरं सांगायचं म्हणजे ते तोंडाने बोलायचं. दहा महिन्यांत मी ते कुणालाही माझ्या तोंडाने सांगितलेलं नाही. तुम्हालाही हॉस्पिटलनेच कळवलं होतं.

फॉर्म टेबलावर आहे. पेनही तिथेच आहे. लवकर लिहा. राग आला तरी अंतर देऊ नये.

तुमची,
धाकटी

•

१६ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

आधी फोटो काढ बाहेर. माझ्या भावाला कपड्यांखाली कोंडलंस. दुसरं कोणी असतं तर मी तोंड पाहिलं नसतं.

आता सहीचं. त्याच्या सह्या करणारी तू पहिली नाहीस. शाळेत त्याच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मी करत असे. गणिताचे गुण बाबांनी चार वर्षं पाहिले नाहीत. त्याला आयुष्यभर सही करायला कोणीतरी मिळालं, आधी मी, मग तू. आपणच लाडावून ठेवला.

पण एक आठवून बघ. दुरुस्त केलेल्या काट्यावरचा शिक्का त्याने कधी दुसऱ्याला मारू दिला का? हाताखाली माणूस होता तेव्हासुद्धा नाही. तूच मला लिहिलं होतंस, जेवणाचं ताट समोर असताना उठला आणि चाळीस किलोमीटर परत गेला, कारण एका वाण्याच्या काट्याची एक बाजू हलकी राहिली अशी त्याला शंका होती. काटा बरोबर होता. तरी परत आल्यावरच जेवला. याच गाडीवरून गेला होता. त्या गाडीसाठी त्याच्या नावाने खोटं लिहायचं असेल तर ती चोरांनी नेली असती तरी चाललं असतं.

सही करू नकोस.

मी शहाणी आणि तू वेडी असं समजू नकोस. माझी पाकिटं तू ठेवली असशील तर काढून बघ, वर नाव कुणाचं आहे. दहा महिने मीही त्याच्याच नावाने पत्र पाठवते आहे. आत तुझं नाव, वर त्याचं. हात तसाच चालतो. तू कधी काही म्हणाली नाहीस, मीही नाही. आपण दोघींनी मिळून त्याला बाहेरगावी ठेवला आहे.

नोकरी गेलीच तर इकडे ये. दोन खोल्या आहेत. एकीत मी घोरते, ते मला ऐकू येत नाही, तुला येईल. घाबरू नकोस.

तुझी, कायमची,
वन्सं

•

२२ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बुधवारी संध्याकाळी मिळालं. पाकिटं काढून पाहिली. सतरा निघाली.

काल सकाळीच फोटो जागेवर लावला. ऑफिसातून रजा घेतली होती. सर्व्हेअर अकराला आला. मालक आले का, असं दारातच विचारलं. मी आठ दिवस वाक्य जुळवत होते. वेळेला नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं.

त्याने चष्मा लावला, फोटो पाहिला, चष्मा काढला. खुर्चीवर बसला आणि केव्हा असं विचारलं. मग मी बोलले. मे महिन्यात, अठरा तारखेला, हॉस्पिटलमध्ये, पहाटे. एवढं एका दमात बोलले. त्याने पिशवीतून पॉलिसी काढली, नूतनीकरणाची तारीख पाहिली आणि बोटांवर महिने मोजले. सही कुणाची असं विचारलं. माझी, असं म्हणाले. त्याला खरं वाटेना. कोरा कागद पुढे केला आणि करून दाखवा म्हणाला. मी केली, एका झटक्यात. तो दोन्ही सह्या बराच वेळ बघत राहिला. सतरा वर्षं हेच काम करतो, पण मी ही ओळखली नसती, असं म्हणाला. पाठ थोपटतो आहे की पकडतो आहे ते कळेना.

मग त्याने ठेवलेला फॉर्म मागितला. सहीची जागा कोरी होती. ती बघून त्याने श्वास सोडला. आज यावर सही असती तर मी ती घेऊन गेलो असतो, आणि पुढे कधीतरी मृत्यूचा दाखला समोर आला असता तर प्रकरण माझ्या हातात राहिलं नसतं, असं म्हणाला. आता झालं तसं तो लिहून देणार. भरपाई मिळणार नाही. डिसेंबरातल्या सहीचं काय करायचं ते कंपनी ठरवील, त्याबद्दल शब्द देता येत नाही, असंही म्हणाला. खिळा त्याने पहिल्याच दिवशी पाहिला होता.

त्याने सांगितलं तसा मी जबाब लिहिला. मयत या शब्दापाशी हात थांबला. त्याने पाणी मागितलं, मी आणून दिलं, तोवर थोडं सावरले. खाली माझी सही केली तर ती वाकडी आली. पगारपत्रकाखेरीज मी ती कुठे करतच नाही. त्याने दुसऱ्यांदा करायला लावली.

आता कंपनीचं पत्र येईपर्यंत काही कळणार नाही. टपाल मीच उघडते, त्यामुळे रोज सकाळी दहाला आधी सगळा गठ्ठा चाळून बघते. आठवण ठेवावी.

तुमची,
धाकटी

•

१० एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

कंपनीचं पत्र काल आलं. टपालाच्या गठ्ठ्यात सहावं होतं. उघडायच्या आधी मी त्यावर आवक शिक्का मारला, सवयीने. क्लेम नामंजूर. पॉलिसी नूतनीकरणाच्या तारखेपासून रद्द. लाभ घेतलेला नसल्याने व स्वतःहून खुलासा केल्याने पुढील कारवाई नाही, मात्र समज देण्यात येते, असं आहे. ती ओळ मी चार वेळा वाचली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांना हे गेल्याचं सांगितलं. त्यांना अर्थातच माहीत होतं. तरी त्या उठून आल्या.

खणातला अर्ज भरून दिला. गाडी आता माझ्या नावावर होईल. मेकॅनिकने हँडल सरळ केलं, दिवा आणि लॉक नवीन बसवलं. टाकीचा पोचा मी राहू दिला. नव्या लॉकला नवी किल्ली आहे. जुनी कशालाच लागत नाही, ती फोटोमागे ठेवली आहे.

रविवारी गाडी चालू केली तर शिंपीकाका आलेच. चालवत नाही तर तापवता कशाला. या वेळी मी उत्तर दिलं, शिकवा म्हणजे चालवीन. ते लगबगीने दुकानात शिरले. त्यांना स्वतःला येत नाही.

हात पाठीवर असू द्यावा.

तुमची,
धाकटी

•

१५ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून देवापुढे नाही, आधी त्याच्या फोटोपुढे उभी राहिले आणि दोन शब्द सुनावले. गेला तरी बायकोला धावपळ करायला लावतो म्हटलं.

गाडी शीक. पडलीस तर कळव, न पडता शिकलीस तर आधी कळव.

जास्त लिहीत नाही. सगळा वेळ पाकिटात गेला. वरचं नाव लिहायला तीन पाकिटं लागली. पहिल्या दोन्हींवर हात जुन्या वळणाने गेला, ती फाडली. या तिसऱ्यावर तुझं आहे. अक्षर वाकडं आलं आहे, पण पोस्टमनला कळेल.

तुझी,
वन्सं